समुद्राला मिळालेलं पाणी

जुलै लागला की कोयनानगरात दोन माणसं भेटल्यावर धरणाची चौकशी आधी होते, घरच्यांची नंतर. किती झालं? आवक काय म्हणते? दरवाजे कधी उचलणार? टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, हा शब्द इथे इंजिनिअरांच्या ऑफिसात जितका ऐकू येतो तितकाच एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर. शिवसागर जलाशय १०५.२५ टीएमसीचा, धरण १०३ मीटर उंच, सहा वक्र दरवाजे, सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. वसाहतीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे आकडे पाढ्यांच्या जोडीनं पाठ झाले. पाण्याला वजन असतं, हेही कोयनेला शिकवावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानं इथली घरं झोपेतल्या माणसांवर आणली. मोठ्या जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांतून खोलवर पोचणारा दाब भूकंपाला चालना देऊ शकतो, याचं उदाहरण म्हणून त्यानंतर कोयनेचं नाव जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत गेलं.

एवढं मोजलेलं, एवढं जोखलेलं हे पाणी पुढे दोन वाटांनी जातं. एक वाट नदीची स्वतःची. हेळवाकला वळण घेऊन कोयना पूर्वेला निघते, पाटणवरून कराडला प्रीतिसंगमात कृष्णेला भेटते आणि तिच्याबरोबर सांगलीला जाते. उन्हाळ्यात ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांचे पंप सुरू करायचे की कोयनेतून पाणी सोडा, अशी मागणी होते. आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडचे डोळे या डोंगराकडे लागलेले असतात. दुसरी वाट माणसानं केलेली. नवजाच्या बाजूला जलाशयातून पाणी बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं आणि साडेचारशे मीटरहून मोठी उडी जनित्रं फिरवत उतरतं. पोफळीचं भूमिगत वीजगृह आहे, पुढे झालेलं चौथ्या टप्प्याचं त्याहून मोठं वीजगृह आहे. त्यांतून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून त्यावर आणखी एकदा वीज काढतात. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला, जलाशय रिकामा न करता, पाण्याखालच्या खडकाचा शेवटचा पडदा स्फोटानं उडवून बोगद्याचं तोंड उघडलं. त्या लेक टॅपिंगच्या गोष्टी आमच्याकडे अजून रंगवून सांगतात.

कोळकेवाडीनंतर मात्र कोयनेच्या माणसाचं लक्ष संपतं. वीज काढून झालेल्या पाण्याला अवजल म्हणतात. कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली ती वर्षाला ६७.५ टीएमसीची. ते वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून, गोवळकोटच्या पायथ्याशी जाऊन खाडीला लागतं आणि उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड अशा दोन काठांमधून अरबी समुद्रात शिरतं. या वाटेवर चिखलाच्या काठांवर मगरी उन्हाला पडलेल्या असतात. भरतीला खारं पाणी वर सरकतं, ओहोटीला गोडं खाली उतरतं, आणि त्या येण्याजाण्यावर मासे अंडी घालायची वेळ ठरवतात. दाभोळच्या मुखाशी डॉल्फिन दिसतात. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेली ही जात किनाऱ्याला धरून राहते, नदीमुखं तिला आवडतात, आणि जागतिक यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

सातारा-सांगलीकडे कुठल्याही पाणी परिषदेत बसा, पश्चिमेकडे समुद्रात वाया जाणारं पाणी हे शब्द पहिल्या अर्ध्या तासात कानावर येतात. मला त्या माणसांचा राग येत नाही. आटपाडीच्या शेतकऱ्यानं टँकरची वाट पाहत जन्म काढलेला असतो, त्याला समुद्राची काळजी घ्यायला सांगणं सोपं नाही. अवजल मुंबईला न्यावं, कोकणातच शेतीला वापरावं, उचलून परत पूर्वेला आणावं, असे प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. पण समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलं असं मानायला मी आता तयार नाही. ते पिणारा जीव मी समोरासमोर पाहिला आहे, मालवणला, पाण्याखाली.

डिसेंबरातला दिवस होता. पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसलेला, वारा पडलेला. मालवणात सकाळी स्कूबाच्या होड्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला जातात. महाराजांनी हा किल्ला कुरटे बेटावर बांधला तो अशा जागी, की भोवतालचे बुडते खडक परक्या जहाजाला जवळ येऊ देत नाहीत. त्याच खडकांना धरून प्रवाळ वाढलेत. १३ एप्रिल १९८७ ला इथलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं अशा प्रकारचं पहिलं.

उतरण्याआधी होडीवर चार गोष्टी घोकून घेतात. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दर मीटरला नाक चिमटून कानातला दाब सोडायचा. अंगठा वर केला तर वर चला असा अर्थ होतो, म्हणून सगळं ठीक आहे सांगायला अंगठा दाखवायचा नाही, तर्जनी आणि अंगठ्याचं कडं करायचं. आणि कशालाही हात लावायचा नाही. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. कोयनेच्या भिंतीच्या तळाशी किती दाब असेल याची गणितं आम्ही वहीत सोडवलेली. कानाच्या पडद्यावर ते गणित सोडवणं निराळं. दोन मीटरलाच पाणी दोन्ही बाजूंनी कान दाबू लागतं. नाक चिमटून फुंकलं की आत कुठेतरी बारीक टक् होतं आणि डोकं मोकळं होतं.

खाली लाल रंग सर्वांत आधी जातो. माझ्या हातातला लाल गंडा तपकिरी दिसायला लागला. वस्तू आहेत त्यापेक्षा मोठ्या आणि जवळ भासतात. आवाज पाण्यात हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो, त्यामुळे होडीचं इंजिन ऐकू येतं पण कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. चार-पाच मीटरपलीकडे सगळं हिरवट धुकं. बशीएवढे, घमेल्याएवढे प्रवाळ, त्यांच्या फटींत गोब्रा, वर लहान माशांची झुंड. खडक संपून वाळू सुरू होते तिथे एक केंड पोहत होता, चौकोनी तोंडाचा, डोळे गरागरा फिरवणारा. माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. तेवढ्यात माझ्या प्रशिक्षकानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पंजा उघडून समोर धरला. थांब.

वाळूवरून साप येत होता. राखाडी, पाठीवर गडद पट्टे, हाताच्या अंगठ्यापेक्षा जाड आणि मीटरभर लांब. तो वळवळत पुढे येत होता, पण वळवळीचा जोर मागच्या टोकात होता. शेपटी उभी चपटी, वल्ह्याच्या पात्यासारखी. ती एकदा इकडे एकदा तिकडे लोटली की अख्खा साप हातभर पुढे. खडकाच्या प्रत्येक भोकात तो तोंड घालून पाहत होता, जीभ बाहेर काढत, आत घेत. केंड केव्हाच गायब झाला होता. मग साप आमच्याकडे वळला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या अंगात घोणस आणि फुरशाची भीती रक्तासारखी असते. पायात पाहा, दगड उचलताना पाहा, रात्री बॅटरीशिवाय जाऊ नकोस. इथे माझे पाय जमिनीवर नव्हते, आणि पळायला लागले तर सगळं बिघडतं हे मला ठाऊक होतं. श्वास मात्र रोखायचा नव्हता. माझे बुडबुडे मलाच ऐकू येत होते.

तो माझ्या फिनपाशी आला, जिभेनं त्याची कड चाचपली, गुडघ्याच्या उंचीपर्यंत वर आला. त्या अंतरावरून त्याचं डोकं नीट दिसलं. नाकपुड्या तोंडाच्या वरच्या बाजूला, बंद असलेल्या. मानेखाली कातडी सैल. वरच्या जबड्याचं टोक चोचीसारखं खाली वळलेलं. डोळा लहान, काळा. तो माझ्याकडे पाहत होता असं मी म्हणणार नाही. त्याला पाण्यात काहीतरी नवीन लागलं होतं आणि तो ते तपासून पाहत होता. मग एकाएकी त्यानं तोंड वर केलं आणि सरळ उभा वर गेला, आमच्या बुडबुड्यांच्या वाटेनं, पृष्ठभागावर, हवा घ्यायला.

वर आल्यावर होडीची कड धरून प्रशिक्षक हसला. रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, घरचा पोरगा, लहानपणापासून जाळ्यातून असले साप सोडवलेला. "तेका वर श्वास घेवक जावचा होता, ताई," तो म्हणाला. "वाट अडवूची नाय, इतक्याच."

चोचीच्या समुद्रसापाची ही जात सिंधुदुर्गच्या कोळ्यांना चांगली परिचयाची आहे. उथळ, गढूळ पाणी आणि खाड्यांची मुखं ही त्याची आवडती ठिकाणं. शिंगाळा आणि केंड हे त्याचं खाणं, म्हणजे एकाला काटा आणि दुसऱ्यात विष. दोन्ही तो पचवतो. तो अंडी घालत नाही, पिल्लांना पाण्यातच जन्म देतो. विष जहाल. समुद्रसापांच्या दंशानं जी माणसं दगावतात त्यांत या जातीचा वाटा मोठा, आणि दंश बहुतेक वेळा जाळं उपसताना, हातात अडकलेला साप सोडवताना होतो. इथे एक गोष्ट प्रत्येक किनारी तालुक्याच्या दवाखान्यात ठळक लिहून लावायला हवी. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनते; पाटणच्या दवाखान्यात मिळते तीच मालवणात मिळते. समुद्रसापाचं विष त्यात धरलेलं नाही. त्यामुळे जाळ्यातला साप न दुखवता, हात न घालता सोडवणं हाच रापणीवरच्या माणसाचा खरा उपाय, आणि जुनी माणसं ते काठीनं, सावकाश करतात.

दक्षिण फाउंडेशनच्या अभ्यासकांनी मालवणच्या बंदरावर राहून, जाळ्यांत आलेल्या सापांची नोंद ठेवली आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या पाहणीत जाळ्यांत दुसरी एक जात जास्त सापडत होती. पंधरा-एक वर्षांनी चोचीचा साप पुढे गेलेला दिसला. मासेमारी वाढली, पाणी तापलं, त्या रेट्यात एक जात मागे हटली आणि दुसरी टिकली, असा त्यांचा अंदाज. किनाऱ्यावर राहून वर्षानुवर्षं केलेलं हे काम फार मोलाचं आहे, कारण सापासाठी रडणारं कोणी नसतं.

साप पाणबुड्याजवळ का येतो, याचंही उत्तर शोधलं गेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका पाणबुड्या अभ्यासकानं तिथल्या ऑलिव्ह समुद्रसापांशी झालेल्या आपल्या गाठीभेटी टिपून ठेवल्या होत्या. त्यांवरचा शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. अंगावर येणारे बहुतेक साप नर होते, आणि तेही विणीच्या हंगामातले. मादीचा माग काढताना ते माणसाला मादी समजत होते. पळणारा पाणबुड्या त्यांना पळणाऱ्या मादीसारखा वाटतो, म्हणून ते आणखी मागे लागतात. स्थिर राहा, जीभ लावू द्या, खात्री झाली की तो जातो. मालवणच्या पोरानं मनगट धरून मला तेच करायला लावलं.

पण मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती पुढे आहे. समुद्रसाप समुद्राचं पाणी पीत नाही. त्याच्या जिभेखाली मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं असं धरून चाललं होतं की तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ तिथून काढतो. फ्लोरिडा विद्यापीठाचे हार्वे लिलीव्हाइट यांनी हे तपासून पाहिलं. तहानलेल्या सापांना त्यांनी समुद्राचं पाणी दिलं, त्यांनी तोंड लावलं नाही; गोडं पाणी दिलं, ते घटाघटा प्यायले. मग कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर खुल्या समुद्रात राहणाऱ्या पिवळ्या पोटाच्या सापांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काम केलं आणि २०१४ मध्ये दाखवून दिलं की कोरड्या मोसमात हे साप पाण्यात राहून सुकत जातात, सहा-सात महिने तहानलेले काढतात आणि पावसाची वाट पाहतात. मोठा पाऊस झाला की समुद्रावर गोड्या पाण्याचा पातळ थर काही काळ तरंगतो. तेच त्यांचं पाणी.

चहूकडे पाणी आणि त्यात राहणारा जीव तहानेला. आमच्या जतच्या माणसाला हे कळेल.

लिलीव्हाइट यांचे काही साप खुल्या समुद्रातले आहेत, त्यांना पावसाखेरीज दुसरा आसरा नाही. खाडीच्या मुखाशी राहणाऱ्या सापाला नदी आहे. कोकणातल्या प्रत्येक नदीमुखाशी गोडं पाणी खाऱ्यावर पसरतं, कारण ते हलकं असतं. देवबागला कर्ली समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाण्याच्या दोन रंगांची सीमा होडीतून उघड दिसते. दाभोळला तर ही गोष्ट आणखी वेगळी आहे. कोकणातल्या नद्या दिवाळीनंतर आटत जातात, वैशाखात त्यांच्या मुखात निव्वळ खारं पाणी असतं. वाशिष्ठी मात्र कोयनेच्या अवजलामुळे भर उन्हाळ्यातही गोडं पाणी घेऊन येते. पहिलं जनित्र १९६२ साली फिरलं. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ त्या खाडीतले मासे, शिंपले, कांदळवन, मगरी आणि मुखाशी येणारे डॉल्फिन या पाण्यावर आपलं बसवत आले आहेत. हे पाणी तिथे निसर्गानं आणलेलं नाही, हे मला मान्य आहे. आपण एकदा खाडी बदलली आणि जीवांनी ते निभावलं. आता पुन्हा बदलायची तर त्यांना विचारल्याशिवाय बदलू नये. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्यानं याच खाडीतल्या मासेमारीचं किती नुकसान झालं ते दाभोळच्या भोई-कोळ्यांनी निवेदनं देऊन, मेलेले मासे दाखवून सांगितलेलं आहे. गोडं पाणी कमी झालं तर ते विष पातळ करणारंही काही राहणार नाही.

या किनाऱ्यावर अनपेक्षित भेटी पुष्कळ होतात, आणि त्या सगळ्या आपल्याला सांगतात की समुद्र आपल्या नकाशापेक्षा मोठा आहे. २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुण अभ्यासकांना निळा देवमासा आणि त्याचं पिल्लू दिसलं. महाराष्ट्राच्या पाण्यात ही नोंद शतकभरानं झाली. लुबान नावाची हंपबॅक देवमाशीण ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रह-टॅग लावून सोडली होती, ती २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या दिशेनं आली आणि पुढे दक्षिण टोकापर्यंत जाऊन परतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं; गावकरी, कर्मचारी, पर्यटक यांनी दोन दिवस पाणी मारत, ओल्या कापडांनी झाकत त्याला जगवायचा प्रयत्न केला, ते वाचलं नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये वाशिष्ठीच्या मुखापासून जवळच गुहागरला अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पंखावर टॅग होता. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली लावलेला. पूर्वेची कासवं पूर्वेला, पश्चिमेची पश्चिमेला, असं मानलं जात होतं. ही बाई साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घालून आली. तिला वाळूत ओळखणारी माणसं तिथे होती, कारण चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून, भाऊ काटदरेंच्या पुढाकारानं, वेळासपासून सुरुवात करून या किनाऱ्यावर कासवांची राखण रुजवली. त्यांना वेळासला कासवांची अंडी सापडली तीही दुसरंच काही पाहायला गेले असताना. ते समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत होते.

मालवणात अशी राखण रुजायला वेळ लागतो आहे. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कोळ्यांना वाटलं आपली जाळी जाणार, आणि त्यांच्याशी नीट बोललं गेलं नाही म्हणून विरोध झाला. पुढे स्कूबा आला, रापणीवरच्या पोरांना चार पैसे मिळू लागले, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. हे चांगलं झालं. पण गर्दीच्या दिवसांत किल्ल्यामागे होडीला होडी लागते, दहा-पंधरा मिनिटांत माणूस खाली-वर होतो, फोटोत मासे यावेत म्हणून ब्रेड आणि बिस्किटं टाकली जातात, आणि तोल जाणारा पाय प्रवाळावर टेकतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मालवणच्या प्रवाळांचं विरंजन आणि पर्यटनाचा ताण, दोन्ही नोंदवले आहेत. प्रवाळ वर्षाला मिलिमीटरांत वाढतो. ब्रेडवर जमणारे मासे खडकावरचं शेवाळ खायचं सोडतात. आणि ब्रेडच्या झुंबडीत साप येत नाही. पैसे देऊन आलेल्या माणसाला त्यामुळे समुद्राचं जे सर्वांत खरं आहे तेच पाहायला मिळत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. प्रशिक्षक पोरांना सगळं ठाऊक आहे. एका होडीमागे कमी माणसं आणि एका माणसाला जास्त वेळ, एवढं त्यांना परवडेल असा दर ठरवून द्यायला हवा, आणि ब्रेड सरळ बंद करायला हवा.

अवजलाबद्दल माझं मागणं तितकंच साधं आहे. ते पाणी कुठेही न्यायचा आराखडा कागदावर येण्याआधी कोळकेवाडीपासून अंजनवेलपर्यंत पाण्याचा खारेपणा महिन्यागणिक, भरती-ओहोटीला, पृष्ठभागावर आणि तळाशी मोजला जावा. निदान सलग तीन वर्षं. त्याच जागांवर काय सापडतं, शिंगाळा किती, कोळंबी किती, साप किती, हे खाडीतल्या मासेमारांनीच लिहून ठेवावं आणि त्याची मजुरी त्यांना मिळावी. सांगलीच्या बैठकीत पाण्याचा वाटा मागायला आटपाडीचा शेतकरी येतो, तसा दाभोळचा कोळीही बोलावला जावा, आणि त्याच्या तोंडून खाडीचे आकडे कोयनानगरच्या इंजिनिअरांनी ऐकावेत.